तोवा आजीचा ठसा

साकुमा गुरुजी शहरातून तोबिउरा बंदरात आले तेव्हा त्यांच्याजवळ एक बॅग, एक चष्मा आणि एक सर्दी होती. बॅग त्यांनी पुढे बदलली, चष्मा दोनदा फुटला. सर्दी मात्र बदली होऊन जाईपर्यंत इमानाने टिकली.

युद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती. शाळेच्या खिडक्यांना पुन्हा काचा आल्या होत्या, दुपारी पोरांना पाव आणि पावडरचं दूध मिळू लागलं होतं, आणि चित्रकलेच्या तासाला सफरचंदच काढायचं असतं अशी सगळ्या गावाची समजूत होती. सहावीच्या वर्गाने तर पहिलीपासून एकच सफरचंद काढलं होतं. ते मेणाचं होतं आणि त्याला एका बाजूने कुणीतरी चावा घेतलेला होता. कुणी घेतला ते इवाओ सोडून सगळे सांगत.

साकुमा गुरुजींनी पहिल्याच तासाला ते सफरचंद कपाटात ठेवलं आणि शिंकून म्हणाले, "या वर्षी आपण सगळे मिळून एकच चित्र करायचं. आपल्या गावाचं. लाकडावर कोरून, शाई लावून, कागदावर छाप काढून. प्रत्येकाने एक फळी कोरायची, मग सगळ्या छापा जोडायच्या. संस्कृती दिनाला व्यायामशाळेच्या भिंतीवर लागेल. दाराएवढं नाही, भिंतीएवढं चित्र!"

वर्गाने "हो" म्हणून आरोळी ठोकली.

"पण कोरणी हातात घ्यायच्या आधी," गुरुजी म्हणाले, "चित्र कशाचं बनतं ते शिकायचं."

"लाकडाचं," इवाओ म्हणाला. तुम्हीच आत्ता सांगितलंत, असा त्याचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गाला समुद्रकाठी नेलं, प्रत्येकाच्या हातात काठी दिली आणि वाळूत रेघ ओढायला सांगितली. नुसती रेघ नाही. ती पाहून ओढणारा रागावलाय, पेंगुळलाय की लाजतोय ते कळलं पाहिजे. इवाओची रेघ वाळूतून तडक समुद्रात गेली.

"हा कोण?" गुरुजींनी विचारलं.

"माझे बाबा. आईशी भांडून होडीकडे निघालेत."

फुसाएची रेघ सगळ्यांत चांगली होती. मच्छीबाजारात मांजराने मासा पळवला होता तेव्हा ते ज्या वाटेने गेलं ती वाट तिने ओढली होती. थांबत, वळत, मग एकदम सुसाट. गुरुजी त्या रेघेच्या कडेकडेने दोनदा चालत गेले. फुसाएचे वडील जाळी विणायचे, आई मासळी वाळवायची, आणि आजवर तिच्या मागून असं कौतुकाने कुणी चाललं नव्हतं. त्या दिवसापासून तिचं नाक जरा वर झालं, ते वरच राहिलं.

मग आकार आले. काळा कागद कापून गावातल्या माणसांच्या सावल्या करायच्या आणि बाकीच्यांनी ओळखायचं. फुसाएने भाताच्या मुटक्यासारखा एक त्रिकोण कापला, वर छोटासा अंबाडा ठेवला. अख्खा वर्ग एकदम ओरडला, "तोवा आजी!" ओरडल्यावर दोघांनी, गावच्या न्हाणीघराची ही मालकीण ऐकत तर नाही ना म्हणून, दचकून दाराकडे पाहिलं, ती बात वेगळी.

पोत शिकवताना गुरुजींनी कागद कशावरही ठेवून वरून मेणखडू घासायला सांगितला. कुणी फरशीचा पोत आणला, कुणी टोपलीचा. इवाओने आणलेला पोत पाहून गुरुजी म्हणाले, "वा! जुन्या पाइन वृक्षाची साल." तो इवाओच्या आजोबांच्या टाचेचा होता. उजेड-अंधार ओळखायला डोळे अर्धवट मिटून बघायचं असतं, तर त्या आठवड्यात सहावीची पोरं गावभर डोळे बारीक करून हिंडत होती; आयांनी ठरवलं की डोळ्यांची साथ आली, आणि घराघरात मिठाच्या पाण्याने डोळे धुतले गेले.

फुसाएचं घोडं अडलं ते रिकाम्या जागेपाशी.

"चित्रात जिथे काही काढलेलं नाही, तीही चित्राचीच जागा असते," गुरुजी सांगायचे. फुसाएला हे मुळीच पटलं नाही. कागद मिळतो कुठे असा? मिळाला तर भरायला नको? ती आकाश काढी, तर त्यात समुद्रपक्षी. पक्ष्यांच्या मधे ढग. ढगांच्या मधे उरलं तर पतंग.

"फुसाए, तुझ्या आकाशात ढगांना रांग लावावी लागते," गुरुजी म्हणाले.

"रिकामं ठेवलं तर लोक म्हणतील आळशी आहे."

"म्हणू देत की."

"तुम्ही शहरातून आलाय, गुरुजी. आमच्याकडे म्हणतात."

फळ्या वाटायची वेळ आली. होड्या, मच्छीबाजार, देवळाच्या पायऱ्या, दीपगृह, दोरीवर वाळत घातलेले म्हाकूळ मासे. आणि बरोब्बर मधे गावाचं सार्वजनिक न्हाणीघर, कारण गावातल्या सगळ्या वाटा संध्याकाळी तिथेच जात. मधली फळी कुणाला हवी म्हणेपर्यंत फुसाए उभीसुद्धा राहिली होती.

"मी. आणि तोवा आजीला काढणार. तिच्या उंच बैठकीवर बसलेली."

इवाओला म्हाकूळ मिळाले होते, त्यामुळे तो आधीच चिडलेला होता. तो म्हणाला, "तिने बसायला नको का? तुला हाकलून देईल."

"नाही दिलं तर?"

"नाही दिलं तर मी तुझं दप्तर महिनाभर वाहीन. आणि दिलं तर मधे माझे म्हाकूळ."

तोवा आजी न्हाणीघराच्या दारातच, बायकांच्या आणि पुरुषांच्या बाजूंच्या मधे, उंच बैठकीवर बसायची. तिथून तिला दोन्हीकडचं दिसे आणि त्याहून जास्त ऐकू येई. गळ्यात कायम एक पांढरा पंचा. पोरांच्या हातातून नाणी घेता घेता ती कान बघायची. "मागच्या खेपेला कानामागे बटाटा लावला होतास, उगवला वाटतं," म्हणायची, आणि परत आत पाठवायची. तिच्या जिभेला धार होती, पण ज्यांच्या घरी कोळसा नसे त्यांच्याकडून ती नाणी घ्यायला विसरायची, आणि आठवण करून दिली तर चिडायची.

फुसाएने धीर करून विचारलं.

"माझं चित्र?" आजीने तिला खालून वरपर्यंत पाहिलं. "कशाला? पोरं घाबरवायला?"

"संस्कृती दिनाला, आजी. अगदी मधोमध."

मधोमध म्हटल्यावर आजीने पंच्याने मान पुसली. नोव्हेंबरात तिला सत्त्याहत्तरावं लागणार होतं. मुलाने त्या मानाची जांभळी उशी शिवून घेतली होती, नातेवाईक येणार होते. "माझा एक फोटो धड नाही," ती म्हणाली. "फोटोवाला येतो, पैसे घेतो आणि भलत्याच कुठल्यातरी बाईला बसवून देतो. तोंड वाकडं, भांग वाकडा. मी म्हणते, ही कोण? तर म्हणतो, आजी, तुम्हीच. मला माहीत नाही होय मी कशी दिसते? इतकी वर्षं समोर आरसे लावून बसलेय!"

"मी बघूनच काढीन. जसं आहे तसं."

"काढशील. चांगलं निघालं तर इथे लावीन. वाईट निघालं तर घरी मासळीच्या टोपात आंघोळ करायची, कळलं?"

न्हाणीघर बंद असतं त्या दिवशी आजी बसली. नेहमीचा पंचा नाही, कामाचे कपडे नाहीत; घराण्याचं चिन्ह असलेला काळा किमोनो, आतून पांढरीशुभ्र गळपट्टी, केस तेल लावून चप्प बसवलेले. पोट आत ओढून ती अशी बसली की फुसाएला वाटलं, हिने सोडलेला श्वास आता चित्र संपल्यावरच परत घेणार.

"तीळ काढलास?"

"काढला, आजी. गालावरचा."

"मोठा नको काढू. आहे तेवढाच. आणि ते काय काढतेयस मागे?"

"बादल्या. आणि खडावा. आणि फळीवरच्या टोपल्या."

"मला जागा आहे ना त्यात?"

फुसाएने चित्र घेतलं, शाळेत जाऊन काळ्या कार्बन-कागदाने फळीवर उतरवलं आणि कोरायला बसली. गुरुजींनी सगळ्यांना बजावलं होतं की छाप उलटी येते. "अक्षरं सांभाळा! अक्षर उलटं कोरलंत तरच सुलटं येईल. माणसांचं काही नाही. माणूस डावीकडे बघतो की उजवीकडे, काय फरक पडतो?" म्हणून मच्छीबाजाराची पाटी, होड्यांची नावं, न्हाणीघराच्या पडद्यावरचं मोठं अक्षर, सगळं पोरांनी आरशात बघून बघून उलटं कोरलं. फुसाएचं अक्षर तर इतकं सुबक होतं की गुरुजींनी ते वर्गाला फिरवून दाखवलं.

कोरायला ऑक्टोबर पुरा गेला. फुसाएच्या बोटांना घट्टे पडले. प्रत्येक बादलीला कड्या, प्रत्येक टोपलीला वीण. इवाओ आपले म्हाकूळ दोन दिवसांत उरकून, पैजेप्रमाणे तिचं दप्तर खांद्याला अडकवून, तिच्या डोक्यावर उभा राहायचा.

"इथे एक बोट जागा राहिली बघ. उंदीर काढ."

"तुझे म्हाकूळ बघ जाऊन. मोजे वाळत घातल्यासारखे दिसतात."

संस्कृती दिन चार दिवसांवर आला तेव्हा पहिली छाप काढायची ठरली. गुरुजींनी रुळाने फळीवर शाई फिरवली, कागद पसरला, आणि बांबूच्या सालीची गोल गादी फुसाएच्या हातात दिली. तिने घासलं. कडेपासून, मधून, पुन्हा कडेपासून. वर्ग भोवती दाटीवाटीने उभा होता. मग तिने कागदाची दोन टोकं धरली आणि हलकेच उचलला.

पडद्यावरचं अक्षर सुलटं आलं होतं. बादल्या चमकत होत्या. मधे काळ्या किमोनोत आजी बसली होती, अगदी जिवंत, ओठ आवळून, आता कान बघेल अशी.

"आई गं!" कुणीतरी म्हणालं. पण ते कौतुकाचं नव्हतं.

फुसाएला आधी कळेना. मग इवाओ मान वाकडी करून म्हणाला, "फुसाए, आजी कधी गेली?"

किमोनोची डावी बाजू उजवीवर घ्यायची असते. हे कुणी शिकवत नाही; शिकवावं लागत नाही, जसं उजव्या-डाव्या पायातला जोडा शिकवावा लागत नाही. उजवी बाजू वर एकदाच घेतात, ती आपण स्वतः घेत नाही, दुसरे कुणीतरी घालतात, आणि तोवर आपण काही बोलण्याच्या स्थितीत नसतो. फुसाएने आजीला जसं पाहिलं तसंच कोरलं होतं, बिनचूक. आणि छाप उलटी आली होती. गळपट्टीची पांढरी रेघ काळ्यावर अशी लख्ख उमटली होती की खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसावं: सत्त्याहत्तरीच्या तोंडावर तोवा आजीला शेवटचा पोशाख चढवलेला होता.

चित्रातली बाकी माणसं स्वेटर आणि रबरी बुटांत होती. किमोनो एकटीच्या अंगावर होता.

गुरुजी शर्ट घालायचे, पोरं स्वेटर. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गुरुजी पांढरेफटक पडले आणि लागोपाठ शिंकले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "अक्षरांचं सांगितलं आणि गळ्याचं नाही."

"खोडता येईल?" चियो म्हणाली. ती स्वभावाने आशावादी होती.

"लाकडात खोडता येत नाही," फुसाए म्हणाली. "कोरलं ते गेलं."

नवी फळी नव्हती आणि असती तरी वेळ नव्हता. गुरुजींनी चष्मा पुसला. ही छाप लावता येणार नाही, हे त्यांना बोलावं लागलं नाही. आजीचे नातेवाईक, जांभळी उशी, सगळं गाव, आणि भिंतीच्या मधोमध हे. मधे दुसरं काही लावावं लागेल, एवढंच ते हळू म्हणाले.

"म्हाकूळ," इवाओ म्हणाला. पण म्हणताना त्याला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही, त्यामुळे तो स्वतःवरच चिडला.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा, गुरुजी," फुसाए म्हणाली.

"काय करणार?"

"माहीत नाही. पण तिथे म्हाकूळ नको."

त्या संध्याकाळी आईने तिला न्हायला पिटाळलं. ती मान खाली घालून नाणं ठेवून पुढे सटकणार, तोच वरून आवाज आला.

"झालं का माझं चित्र?"

"वाळतंय."

"कशी दिसते?"

फुसाएने वर पाहिलं. न पाहून चालतं का? आजी वाफेने घामाघूम झाली होती. नेहमीप्रमाणे पंच्याचं एक टोक उचलून तिने मान पुसली आणि सोडलं. पंचा गळ्याच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. पांढरा, ओलसर, रुंद. त्याखाली गळा कुठे आणि कपड्याची कुठली बाजू वर, काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

फुसाए तिथेच उभी राहिली.

"काय गं, भूत पाहिलंस का?"

"नाही, आजी!" आणि पोरगी आत जायचं सोडून न्हाल्याशिवायच घरी पळाली. नाणं गेलं ते गेलंच. आजी बायकांच्या बाजूला वळून म्हणाली, "हल्लीच्या मुलींना न धुताच स्वच्छ झाल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पावाला हात न लावता फुसाए फळीपुढे बसली. गळपट्टी, तिच्या कडेचा काळा किमोनो, खांद्यावरचं घराण्याचं चिन्ह. जे जे तिने महिनाभर जपलं होतं ते सगळं पंच्याच्या जागेत येत होतं. कोरलेल्या जागी शाई लागत नाही, कागद पांढराच राहतो; तेव्हा कोरून टाकायचं म्हणजे टाकायचं. तिने कोरणी रोवली. सालपट उडालं. थोड्याच वेळात आजीच्या हनुवटीखालून पोटापर्यंत पट्ट्यांची दोन उघडी मैदानं झाली. नुसतं लाकूड. तिला ते बघवेना.

"त्यावर काहीतरी काढायला हवं," ती पुटपुटली. "रेघा. नाहीतर न्हाणीघराचं नाव. नुसतं कसं ठेवायचं?"

गुरुजी खिडकीशी उभे राहून नाक शिंकरत होते. ते काहीच बोलले नाहीत. ही त्यांची शिकवायची पद्धत होती की सर्दीचा परिणाम, ते कधी कळलं नाही.

"खेकडा काढ," इवाओने सुचवलं. "आजीच्या गळ्यात खेकडा. शोभेल."

फुसाएने कोरणी उचलली, पंच्याच्या टोकाला टेकवली, आणि तशीच धरून बसली. तिने डोळे अर्धवट मिटून पाहिलं. बादल्या, खडावा, टोपल्या, वीण, कड्या, सगळीकडून गजबज. आणि तिच्या मधोमध ही एक स्वस्थ जागा. तिने कोरणी खाली ठेवली.

"राहू दे तसंच."

छाप निघाली तेव्हा बघणाऱ्याची नजर आधी त्या पांढऱ्यावर जाई, आणि तिथून सरळ वर, आजीच्या चेहऱ्यावर. एवढ्या बादल्या असून आजी आता कुठे दिसू लागली होती. गुरुजींनी डोळे अर्धवट मिटून छाप पाहिली. मग म्हणाले, "फुसाए, उन्हाळ्यापासून मी जे सांगतोय ना..." आणि पुढचं सगळं शिंकेत गेलं.

संस्कृती दिनाला व्यायामशाळेत मुंगीला शिरायला वाट नव्हती. भिंतभर तोबिउरा पसरलं होतं आणि जो तो आपलं घर शोधत होता. इवाओच्या आजोबांनी म्हाकूळ पाहून "मोजे छान आलेत" म्हटलं, तेव्हा फुसाएने तोंड फिरवलं. हसू दिसू नये म्हणून.

दुपारी तोवा आजी आली. तोच काळा किमोनो, मागे जांभळी उशी घेतलेला मुलगा, त्याच्या मागे नातेवाईक. गर्दी आपोआप दुभंगली. आजी चित्रापुढे उभी राहिली आणि जवळ गेली. मग आणखी जवळ.

"तोंड माझंच आहे," ती म्हणाली. गर्दीने श्वास सोडला. "फोटोवाल्यापेक्षा पोरगी शहाणी. पण हे काय?" तिचं बोट पंच्यावर आलं. "मी पोट आत ओढून दुपारभर बसले. पेटीतून चिन्हाचा किमोनो काढला. आणि हिने माझ्या गळ्यात पंचा अडकवला? मी लग्नालाही पंचा घालूनच गेले होते असं वाटेल लोकांना! फुसाए! कुठे आहे ती?"

फुसाए कुठेही गेली नव्हती. जायला जागाच नव्हती. "तुम्ही नेहमी घालता, आजी."

"नेहमी घालते, त्या दिवशी नव्हता. तू म्हणालीस, जसं आहे तसं काढीन. पंच्याखाली काय होतं?"

"काही नाही."

"मी उघडी होते?"

हशा पिकला. फुसाएचे कान लाल झाले. तेव्हा इवाओ मधे पडला. त्याला मदतच करायची होती, आणि मदत करताना तो नेहमीच घोटाळा करायचा. "तिने तुम्हाला मारलं होतं, आजी! म्हणून झाकलं!"

आता व्यायामशाळेत एक शिंक ऐकू आली असती, आणि आलीच. मग सगळं सांगावं लागलं. फुसाए सांगत होती, जमिनीकडे बघत. आजीच्या मुलाचा चेहरा गंभीर झाला, एका मावशीने हात जोडले. आजीचा चेहरा मात्र समजेना.

"ती पहिली छाप आहे?"

गुरुजींनी ती जाळली नव्हती. त्यांना ती जाळवली नव्हती. त्यांनी कपाटातून आणली, मेणाच्या सफरचंदाखालून, आणि जणू काही पेटता निखारा आहे अशी आजीच्या हातात दिली. भोवतीच्या बायकांनी पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

आजीने छाप हातभर अंतरावर धरली. तीळ पाहिला, भांग पाहिला, गळपट्टी पाहिली. मग स्वतःच्या गळ्याशी हात नेला, किमोनोची वर आलेली बाजू चाचपली, पुन्हा छापेकडे पाहिलं.

"चूक कुठे आहे यात?"

मावशीने दुरूनच गळपट्टीकडे बोट दाखवलं.

"अगं, बरोबर तर आहे! रोज सकाळी गळा नीट करते तेव्हा अशीच दिसते मी. वरची बाजू इकडेच येते, तीळ इकडेच असतो. जन्मात पहिल्यांदा कुणी मला माझ्यासारखं काढलंय, आणि तुम्ही म्हणता मेलेली?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "आरसा," ते म्हणाले. "आजी, तुम्ही स्वतःला फक्त आरशात बघता. आणि छाप म्हणजे... आरशातलंच उलटं. सगळ्या गावाला तुम्ही सुलट्या दिसता. फक्त तुम्हाला तुम्ही अशा दिसता."

आजीने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तिला कळलं. आधी तिचे खांदे हलले, मग अंबाडा, आणि मग ती अशी हसली की मुलाला जांभळी उशी खाली टाकून तिला धरावं लागलं. "म्हणजे मी पन्नास वर्षं," ती डोळे पुसत म्हणाली, "रोज सकाळी मेलेल्या बाईचं तोंड बघून दुकान उघडतेय!"

पंचा असलेली छाप भिंतीवर राहिली. पहिली छाप आजीने घरी नेली. मागितली नाही, नुसती नेली.

दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरात लागली. आजीच्या बैठकीच्या मागे, दाराच्या वर. तिथे का, ते आत गेल्यावर कळे: समोरच्या भिंतीवर मोठा आरसा होता, आणि केस पुसणाऱ्या प्रत्येक बाईला आरशात आजीची छाप दिसायची. डावी बाजू वर, ठणठणीत जिवंत. पडद्यावरचं अक्षर आरशात उलटं व्हायचं, पण अक्षर उलटं झालं म्हणून कुणी मरत नाही. बाहेरगावचं कुणी आलं आणि वळून थेट छापेकडे बघून दचकलं, तर आजी वरून म्हणायची, "तिकडे बघू नका. आरशात बघा. आरशात मी आहे."

आणि फुसाए नाणं ठेवायला आली की, "या! आज काय, पुन्हा मारायला आलात?" हे तिने फुसाएला शाळा संपेपर्यंत ऐकवलं, मग शहरात नोकरीला गेल्यावर सुट्टीत ऐकवलं, आणि फुसाएच्या नवऱ्याची ओळख करून दिली तेव्हा त्यालाही सांगितलं की जपून राहा, हिच्या हाताला कोरणी लागली की माणूस जात्यात.

फुसाए पुढे एका छापखान्यात चित्रं करू लागली. तिच्या चित्रांत रिकामी जागा फार असते, असं लोक म्हणत. आळशी आहे, असंही काही म्हणत. तिने म्हणू दिलं.

तोवा आजी नव्वदी ओलांडून गेली. निरोप आला तेव्हा बर्फ पडत होतं, तरी फुसाए आली. पेटीत आजी लहानशी झाली होती, भाताचा मुटका तळहातावर मावावा तशी. पांढरा किमोनो तिच्या मुलाने आणि सुनेने नीट घातला होता. उजवी बाजू वर.

फुसाए बघत राहिली. गालावरचा तीळ आहे तेवढाच होता.

शेजारी इवाओ बसला होता. त्याची आता स्वतःची होडी होती आणि टाच आजोबांसारखी झाली होती. तो तिच्या कानाशी वाकला. "घे," तो कुजबुजला. "आता निघालं तुझं चित्र बरोबर."

फुसाएने त्याला कोपराने ढोसलं. मग दोघांचे खांदे हलू लागले, आणि मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने दटावलं की अशा जागी हसू नये. रडायचं थांबवून हसत होते की हसता हसता रडत होते, हे तिला पाठीमागून कसं कळणार?